मुलांना रियाजाची गोडी लागेल कशी?

प्रतिनिधी

जून महिन्यात शाळा सुरू झाल्या की संगीतवर्गांमध्येही नव्या विद्यार्थ्यांची गर्दी होते. तबल्याची जोडी किंवा हार्मोनियम हौसेने घरी आणली जाते, तिच्यासाठी गवसणी शिवून घेतली जाते आणि पहिले काही आठवडे घर दुमदुमून जाते. दिवाळीच्या सुमारास मात्र चित्र पालटते. ‘रियाजाला बस’ हे वाक्य रोज संध्याकाळी उच्चारले जाऊ लागते, त्यावरून वादावादी होते आणि वर्षा-दोन वर्षांत वाद्य माळ्यावर जाऊन पडते. मुलाला मुळातच आवड नव्हती, असा निष्कर्ष काढून घरची मंडळी मोकळी होतात.

हा निष्कर्ष बहुतेक वेळा घाईचा असतो. मुलाला संगीताचा कंटाळा आलेला नसतो. रियाज म्हणजे नेमके काय करायचे हे त्याला ठाऊक नसते आणि तो करताना त्याच्याजवळ कोणी बसलेले नसते. या दोन उणिवा घरातल्या घरात भरून काढता येतात. त्यासाठी पालकांना स्वतः गाता-वाजवता येण्याची गरज नाही. तबला व हार्मोनियम ही मराठी घरांत सर्वाधिक शिकली जाणारी वाद्ये डोळ्यांपुढे ठेवून केलेला हा ऊहापोह सतार, व्हायोलिन, बासरी किंवा कीबोर्ड शिकणाऱ्या मुलांच्या पालकांनाही उपयोगी पडावा.

रियाज एकाकी कसा झाला?

जुन्या गुरुकुल पद्धतीत शिष्य गुरूच्या घरी राहत असे. पहाटे गुरूचा किंवा ज्येष्ठ गुरुबंधूंचा रियाज कानावर पडे, दिवसभर घरात संगीताचीच चर्चा चाले आणि शिष्याचे चुकले तर पलीकडच्या खोलीतून कोणीतरी लगेच टोकत असे. शिकणे आणि रियाज करणे या तेथे दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्याच. कुरुंदवाड येथे १८७२ साली जन्मलेले पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे अशाच पद्धतीने विद्या मिळवली. पुढे त्यांनीच १९०१ मध्ये लाहोर येथे गांधर्व महाविद्यालयाची स्थापना केली आणि घराण्यांच्या चौकटीत असलेले संगीत ठरावीक अभ्यासक्रमाच्या रूपाने सर्वसामान्यांसाठी खुले केले. १९०८ मध्ये हे विद्यालय मुंबईत आले. १९३१ साली पलुस्करांच्या निधनानंतर त्यांच्या शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची उभारणी केली. प्रारंभिकपासून विशारद व अलंकारपर्यंतच्या या मंडळाच्या परीक्षा आज गावोगावची मुले देतात.

या परिवर्तनामुळे मध्यमवर्गीय घरांत संगीत पोहोचले, हे त्याचे मोठेच यश आहे. मात्र त्याबरोबर शिकण्याची रीतही बदलली. आजचा विद्यार्थी आठवड्यातून एकदा किंवा दोनदा, तासभर गुरूंसमोर बसतो. उरलेले पाच-सहा दिवस तो आणि त्याचे वाद्य एका खोलीत, बहुधा दार लावून, एकटे असतात. आठ-नऊ वर्षांच्या मुलाने या एकांतात स्वतःची चूक स्वतः ओळखावी, ती सुधारावी आणि पुन्हा उत्साहानेही बसावे, अशी आपली अपेक्षा असते. शाळेचा गृहपाठ करताना ज्या मुलाजवळ आई किंवा बाबा बसतात, त्याच मुलाला रियाजाला मात्र एकटे पाठवले जाते.

मूल नेमके काय टाळते?

रियाजाला बसण्याची टाळाटाळ हे लक्षण आहे. त्यामागचे कारण शोधल्याशिवाय उपाय लागू पडत नाही. साधारणपणे पुढील कारणे आढळतात.

पहिले कारण म्हणजे कामाची अस्पष्टता. ‘अर्धा तास रियाज कर’ या सूचनेत काय करायचे ते कोठेच सांगितलेले नसते. मूल धडा सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदा, दोनदा वाजवते आणि घड्याळाकडे पाहते. ऑस्ट्रेलियातील संगीतशिक्षणाचे अभ्यासक गॅरी मॅकफर्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांच्या घरच्या सरावाचे चित्रीकरण करून त्याचा बारकाईने अभ्यास केला. नव्याने शिकणाऱ्या मुलांचा बहुतेक सर्व वेळ रचना पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवण्यातच जातो आणि चुकलेल्या जागेवर थांबून काम करणे फारच थोडे घडते, असे त्यातून दिसून आले.

दुसरे कारण प्रगती ऐकू न येणे. आज बसण्यापूर्वी जसे वाजत होते तसेच उठतानाही वाजत असेल, तर उद्या बसावेसे का वाटावे?

तिसरे कारण वाद्याचे किंवा शरीराचे असते. डग्ग्याची पुडी सैल पडलेली असते, हार्मोनियमचा एखादा सूर अडकत असतो, सतार मुलाच्या हाताला मोठी असते किंवा मांडी घालून बसल्यावर पाय दुखतात. मुलाला हे शब्दांत सांगता येत नाही आणि ते ‘कंटाळा आला’ एवढेच म्हणते.

चौथे कारण भीतीचे. रियाज म्हणजे चूक सापडण्याची आणि बोलणी खाण्याची वेळ, असे समीकरण एकदा मनात बसले की मूल वाद्यापासून दूर राहू लागते.

वेळ नको, काम द्या

रियाजाचे मोजमाप मिनिटांत न करता कामात करणे, हा सर्वांत परिणामकारक बदल आहे. ‘वीस मिनिटे बस’ याऐवजी ‘कायद्याच्या दुसऱ्या ओळीतला तिरकिट सलग पाच वेळा स्वच्छ निघाला की झाले’ असे सांगून पाहावे. काम लहान असते, ते पूर्ण झाल्याचे मुलाला स्वतःच्या कानाने कळते आणि उठताना हाती काहीतरी लागल्याचे समाधान असते.

या म्हणण्याला संशोधनाचाही आधार आहे. अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठात रॉबर्ट ड्यूक व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १७ पियानोवादक विद्यार्थ्यांना एकच अवघड जागा सरावासाठी देण्यात आली होती. दुसऱ्या दिवशी ज्यांचे वादन सर्वांत सरस ठरले, ते इतरांपेक्षा अधिक वेळ बसले होते असे नाही, किंवा त्यांनी अधिक वेळा वाजवले होते असेही नाही. त्यांचे वैशिष्ट्य चूक हाताळण्यात होते. चूक कोठे होते ते त्यांनी नेमके शोधले, लय कमी केली, ती जागा पक्की होईपर्यंत तेवढ्यावरच काम केले आणि मग पुढे गेले.

आपल्याकडील चांगले गुरू हेच सांगत आले आहेत. बोल आधी तोंडाने पढावा, मग हातावर आणावा. लय बराबरीची ठेवावी. हात स्वच्छ झाल्याशिवाय दुगुनीला जाऊ नये. पढंतीचे महत्त्व तर तबल्यात अनन्यसाधारण आहे. पहाटे उठून वडील उस्ताद अल्लारखाँ यांच्यासोबत आपण बोल पढत असू, असे उस्ताद झाकीर हुसेन (१९५१-२०२४) यांनी अनेक मुलाखतींतून सांगितले होते. आठ वर्षांच्या मुलाला पहाटे तीनला उठवावे, हा त्यातून घ्यायचा बोध नाही. तोंडाने म्हणणे हा रियाजच आहे आणि तो सोबत बसून करता येतो, हे मात्र घेण्याजोगे आहे. शाळेच्या बसमध्ये, आंघोळ करताना किंवा आईबरोबर बाजारात जातानाही कायदा पढता येतो.

हार्मोनियमच्या विद्यार्थ्याने अलंकार वाजवताना तोच स्वर गाऊनही पाहावा. केवळ पट्ट्यांच्या जागा पाठ करून बोटे फिरवणाऱ्या मुलाला आपले चुकले आहे हे डोळ्यांनी कळते, कानाने कळत नाही. भाता झटक्याने ओढला की सूर हिंदकळतो. त्यामुळे ‘आज एकच स्वर लांबवून, थरथर न होऊ देता, दहा अंक मोजेपर्यंत धरायचा’ हेही एका दिवसाचे पुरेसे काम होऊ शकते.

वीस मिनिटांचा नमुना

प्रवेशिकेच्या पातळीवरील तबल्याच्या विद्यार्थ्यासाठी वीस मिनिटांची विभागणी अशी करता येईल.

- पहिली ३ मिनिटे : त्रितालाचा ठेका संथ लयीत, हात मोकळा करण्यासाठी.
- पुढील ५ मिनिटे : या आठवड्याच्या पाठाची पढंत, हाताने टाळी-खाली दाखवत.
- त्यानंतर ७ मिनिटे : एकच अवघड जागा, कमी लयीत.
- पुढील ३ मिनिटे : पूर्वी पक्का झालेला एखादा कायदा लेहऱ्यासोबत.
- शेवटची २ मिनिटे : मुलाला हवे ते.

शेवटची दोन मिनिटे काढून टाकण्याचा मोह होतो. तो टाळावा. रियाजाची आठवण मनात कोणत्या चवीने राहते, हे बऱ्याच अंशी त्या दोन मिनिटांवर ठरते. त्याचप्रमाणे पक्का झालेला जुना पाठ रोज थोडा तरी वाजवला, तर आपल्याला काहीतरी येते ही जाणीव टिकून राहते.

वयानुसार किती वेळ?

‘दहा हजार तास’ हा आकडा अनेक पालकांच्या कानावर आलेला असतो. मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी बर्लिन येथील व्हायोलिनच्या विद्यार्थ्यांवर केलेला अभ्यास १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील सर्वोत्तम गटाने विसाव्या वर्षापर्यंत केलेल्या सरावाची ती सरासरी होती. माल्कम ग्लॅडवेल यांच्या २००८ मधील पुस्तकामुळे हा आकडा सर्वतोमुखी झाला. मात्र हे विद्यार्थी व्यावसायिक वादक होण्याच्या उंबरठ्यावर उभे असलेले तरुण होते. तेदेखील सलग तासन् तास न बसता सरावाचे भाग पाडत, मध्ये विश्रांती घेत आणि पुरेशी झोप घेत, हा त्या अभ्यासाचा भाग सहसा सांगितला जात नाही. शिवाय नंतरच्या संशोधकांनी केवळ सरावाच्या तासांना दिलेल्या इतक्या महत्त्वावर प्रश्नचिन्हही उपस्थित केले आहे.

घरातील मुलासाठी पुढील प्रमाण व्यवहार्य ठरते. पाच ते सात वर्षांच्या मुलाला एका वेळी दहा मिनिटे पुरतात. उत्साह असेल तर सकाळ-संध्याकाळ दोनदा बसवावे. आठ ते दहा या वयात पंधरा ते तीस मिनिटे, तर अकरा ते चौदा या वयात तीस ते पंचेचाळीस मिनिटे, मध्ये छोटी विश्रांती घेऊन, बसता येते. मध्यमा किंवा विशारदची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्याला यापेक्षा अधिक वेळ लागेल. परंतु तोपर्यंत तो स्वतःहून बसू लागलेला असावा, हीच खरी कसोटी होय.

मिनिटांपेक्षा नियमितपणा महत्त्वाचा असतो. आठवड्यातून सहा दिवस पंधरा मिनिटे बसणे हे रविवारी दीड तास बसण्यापेक्षा हाताला आणि मनाला अधिक मानवते. वेळ घड्याळाने ठरवण्याऐवजी एखाद्या नित्याच्या गोष्टीला जोडावी. शाळेतून येऊन दूध घेतल्यावर किंवा दिवेलागणीनंतर असे ठरले की रोजची घासाघीस संपते. रात्री जेवणानंतर पेंगुळलेल्या मुलाला रियाजाला बसवू नये. सोसायटीत राहणाऱ्यांना शेजाऱ्यांचाही विचार करावा लागतो. त्यामुळे संध्याकाळची ठरावीक वेळ शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवणे सोयीचे पडते.

पालकांची जागा कोणती?

‘आम्हाला संगीतातले काही कळत नाही’ असे सांगून अनेक पालक बाजूला होतात. इंग्लंडमध्ये जेन डेव्हिडसन, जॉन स्लोबोडा व सहकाऱ्यांनी १९९६ साली २५७ मुलांच्या व तरुणांच्या माहितीवरून काढलेले निष्कर्ष या समजुतीला छेद देतात. संगीतात पुढे गेलेल्या मुलांचे पालक वादक होतेच असे नाही. मात्र ते सुरुवातीच्या वर्षांत वर्गाला उपस्थित राहत, शिक्षकांशी बोलत आणि घरच्या सरावाच्या वेळी मुलांजवळ असत. मुले मोठी होऊन स्वतःहून बसू लागली की हे पालक हळूहळू मागे सरले. ज्यांनी संगीत सोडले त्यांच्या घरी क्रम उलटा दिसला. तेथे लहानपणी लक्ष कमी होते आणि किशोरवयात दडपण वाढले. नेमके ज्या वयात मुलाला मोकळीक हवी असते, त्या वयात आपण पाठीस लागतो आणि ज्या वयात सोबत हवी असते तेव्हा त्याला एकटे सोडतो, हे आपल्याकडच्याही अनेक घरांत पाहावयास मिळते.

जपानचे व्हायोलिनशिक्षक शिनिची सुझुकी (१८९८-१९९८) यांनी तर आपली सारी शिक्षणपद्धतीच या तत्त्वावर उभारली. त्यांच्या पद्धतीत आई किंवा वडील वर्गाला बसतात, प्राथमिक धडे स्वतः शिकतात आणि घरी मुलाच्या सरावात सहभागी होतात. मुलाने शिकायच्या रचना रोज ऐकाव्यात, असाही त्यांचा आग्रह होता. भाषा जशी ऐकून येते तसे संगीतही यावे, ही त्यामागची भूमिका.

संगीत न शिकलेल्या पालकाला घरी करण्याजोगी कामे पुष्कळ आहेत. मूल ठेका वाजवत असताना हाताने टाळी-खाली धरावी. ती चुकली तर मूलच आनंदाने चूक दाखवून देईल आणि शिकवणाऱ्याची भूमिका त्याच्याकडे जाईल. मोबाइलवरील लेहऱ्याची किंवा तानपुऱ्याची लय लावून द्यावी. गुरुजींनी वहीत लिहून दिलेले वाचून दाखवावे. आठवड्याच्या सुरुवातीला आणि शेवटी तोच पाठ एकेका मिनिटाचा ध्वनिमुद्रित करून दोन्ही मुलाला ऐकवावेत. स्वतःची प्रगती अशी कानाने ऐकणे हे कोणत्याही शाबासकीपेक्षा बोलके असते.

शाबासकी देतानाही ‘छान’ एवढ्यावर थांबू नये. ‘काल तिरकिट अडखळत होता, आज सलग आला’ असे म्हटले की मुलाला नेमके काय जमले ते कळते. मोबाइल पाहत बाजूला बसणे मात्र न बसण्यासारखेच होय. शेजारच्या मुलाशी किंवा थोरल्या भावंडाशी तुलना पूर्णपणे टाळावी.

बक्षीस, परीक्षा आणि दहावीचे गुण

‘महिनाभर रियाज केलास तर सायकल’ हा सौदा सोपा वाटतो. त्याचे परिणाम जपून तपासण्यासारखे आहेत. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांचा १९७३ मधील प्रयोग याबाबत प्रसिद्ध आहे. चित्रे काढण्याची आवड असलेल्या बालवाडीतील मुलांपैकी काहींना चित्र काढल्यास प्रशस्तिपत्र मिळेल असे आधी सांगण्यात आले. काहींना न सांगता नंतर ते देण्यात आले, तर उरलेल्यांना काहीच दिले नाही. काही दिवसांनी ही मुले मोकळ्या वेळेत स्वतःहून किती चित्रे काढतात हे पाहिले असता, आधी आमिष दाखवलेल्या गटाची गोडी लक्षणीय घटलेली दिसली. अनपेक्षित बक्षीस मिळालेल्यांच्या आवडीत अशी घट झाली नाही. याचा अर्थ बक्षीस देऊच नये असा नाही. आधी किंमत ठरवून रियाजाची मजुरी करू नये, एवढाच आहे. चांगल्या आठवड्यानंतर अचानक एखाद्या मैफलीला नेणे हे बक्षीसही आहे आणि शिक्षणही.

परीक्षांचेही असेच. वर्षातून दोन सत्रांत होणाऱ्या गांधर्वच्या परीक्षा विद्यार्थ्याला निश्चित टप्पा देतात आणि अनेकांच्या रियाजाला त्यामुळेच शिस्त लागते. राज्य मंडळाच्या दहावीच्या परीक्षेत शास्त्रीय कला शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना ठरावीक अटींवर वाढीव गुणांची सवलत मिळत असल्याने परीक्षार्थींची संख्या साहजिकच मोठी असते. मात्र परीक्षा हाच एकमेव हेतू राहिला की अभ्यासक्रमाबाहेरचे काहीही शिकण्याची इच्छा उरत नाही आणि गुण पदरात पडताच वाद्य बंद होते. दोन परीक्षांच्या मध्ये काही महिने केवळ आवडीच्या गोष्टींसाठी राखून ठेवणे, हा त्यावर शिक्षकांना सहज करता येण्यासारखा उपाय आहे.

हेतूचे महत्त्व मॅकफर्सन यांच्या आणखी एका अभ्यासातून पुढे येते. वाद्य हाती घेण्यापूर्वीच १५७ मुलांना ‘हे वाद्य तू किती काळ वाजवशील’ असे विचारण्यात आले होते. दीर्घकाळ वाजवण्याची कल्पना ज्यांच्या मनात होती, त्यांची प्रगती पुढे इतरांच्या तुलनेत सरस ठरली. ‘मी तबला वाजवणारा मुलगा आहे’ किंवा ‘मी सतार वाजवणारी मुलगी आहे’ ही ओळख मनात रुजवणे, हे म्हणूनच मोठ्यांचे काम आहे.

निवड मुलाची, श्रोते घरचे

ही ओळख रुजते ती निवडीतून आणि श्रोत्यांतून. क्लॅरिनेट शिकणाऱ्या एका मुलीच्या सरावाचे विश्लेषण जेम्स रेनविक आणि मॅकफर्सन यांनी २००२ मध्ये मांडले. शिक्षकांनी दिलेल्या रचनांपेक्षा तिने स्वतः निवडलेल्या रचनेवर ती दर स्वरामागे सुमारे दहापट वेळ घालवत होती. अवघड जागा संथ लयीत घेणे, मनात म्हणून पाहणे या युक्त्या ती तेव्हा कोणी न सांगता वापरू लागली होती.

आपल्याकडे निवडीला वाव देणे अवघड नाही. अभ्यासक्रमातील कायद्याबरोबर एखादे आवडते चित्रपटगीत, नाट्यगीत किंवा भावगीत हार्मोनियमवर काढू द्यावे. तबल्याच्या विद्यार्थ्याला केरवा, दादरा आणि भजनी ठेका लवकर शिकवावा, म्हणजे गणेशोत्सवात घरच्या किंवा सोसायटीच्या आरतीला त्याला साथीला बसता येते. टाळांच्या गजरात वीस माणसांची लय आपल्या हातावर चालली आहे, हा अनुभव दहा वर्षांच्या मुलाला पुढचे सहा महिने रियाजाला बसवू शकतो. बहुतेक वर्ग गुरुपौर्णिमेला विद्यार्थ्यांचे वादन ठेवतात. वर्षातून एकदा होणाऱ्या या कार्यक्रमाला जोड म्हणून महिन्यातून एका रविवारी आजी-आजोबा, काका-मावशी यांच्यासमोर पाच मिनिटांची घरगुती बैठक ठेवावी. चुका मोजायच्या नाहीत, एवढा एकच नियम श्रोत्यांनी पाळावा.

वाद्य तयार आहे ना?

नवशिक्यासाठी कसेही वाद्य चालते, हा समज हानिकारक आहे. उतरलेल्या तबल्यावर ‘ना’ खणखणीत निघणे अशक्यच असते आणि मूल दोष स्वतःच्या हाताला देते. पावसाळ्यातील दमट हवेने पुडी सैल पडते. गट्टे आणि गजऱ्यावर हातोडीने ठोकून तबला सुरात लावावा लागतो. हे काम सुरुवातीला शिक्षकांकडून किंवा जाणकाराकडून करून घ्यावे. शाई निघू लागली असेल तर पुडी बदलावी. हार्मोनियमची वर्षातून एकदा तपासणी करावी. सतार व व्हायोलिन मुलाच्या उंचीला साजेशा लहान आकारात मिळतात. सतारीची गावे म्हणून ख्याती असलेल्या मिरजेतही कारागिरांना मुलाचे वय व उंची सांगून सल्ला घेता येतो.

तारेच्या वाद्यांत पहिले काही आठवडे बोटे दुखतात. कातडी घट्ट होईपर्यंत पाच-पाच मिनिटांचेच भाग पाडावेत. मनगट, खांदा किंवा पाठ सतत दुखत असेल तर तो आळस समजू नये. बैठक चुकत असण्याची शक्यता मोठी असते. ती शिक्षकांना दाखवावी आणि दुखणे थांबत नसेल तर डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

आणखी एक साधी गोष्ट म्हणजे वाद्य हाताशी असणे. पलंगाखालून ओढून, गवसणी काढून, चुंबळी मांडून बसायचे असेल तर निम्मा उत्साह त्यातच संपतो. घराचा एखादा कोपरा वाद्यासाठी कायमचा राखून, ते मऊ कापडाने झाकून ठेवले, तर येता-जाता हात पडतो.

शिक्षकांना काय करता येईल?

रियाज कर असे सांगणे आणि रियाज कसा करावा हे शिकवणे, या वेगळ्या गोष्टी आहेत. वर्गाच्या तासातील शेवटची पाच मिनिटे विद्यार्थ्याला समोर बसवून, घरी जसा रियाज करायचा तसाच करायला लावावे. कोठे थांबायचे, लय किती उतरवायची, किती वेळा म्हणायचे, हे तेथेच दाखवावे. वहीत पाठ लिहून देताना त्याखाली आठवड्याची दोनच कामे लिहावीत. पुढच्या वेळी प्रथम तीच ऐकावीत. ऐकली न गेलेली कामे मुले लवकरच सोडून देतात.

अमेरिकेतील शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम यांनी १९८५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विविध क्षेत्रांत उच्च स्थानी पोहोचलेल्या १२० व्यक्तींची जडणघडण तपासली होती. त्यातील पियानोवादकांचे पहिले शिक्षक थोर कलावंत असत असे नाही, परंतु ते प्रेमळ होते आणि त्यांच्याकडे जाण्यात मुलांना आनंद वाटत असे. कठोर गुरूंच्या कथा आपल्याकडे आदराने सांगितल्या जातात. त्या टिकून राहिलेल्या शिष्यांच्या असतात; त्याच धाकापायी जे सोडून गेले त्यांच्या कथा कोणी सांगत नाही. शिस्तीची वेळ येतेच, मात्र गोडी लागल्यावर.

गळतीचे वय आणि थांबण्याचा निर्णय

सातवी-आठवीनंतर शिकवण्या वाढतात, शाळेचा ताण वाढतो आणि ‘दहावीपर्यंत बंद ठेवू, मग पाहू’ असा निर्णय होतो. एकदा बंद पडलेला हात पुन्हा सुरू करणे अतिशय कठीण जाते. त्याऐवजी या काळात रियाज दहा मिनिटांवर आणावा, परीक्षा पुढे ढकलावी, वर्गाला पंधरा दिवसांतून एकदा जावे, पण वाद्य बंद करू नये. अभ्यासाच्या दोन सत्रांमधली ती दहा मिनिटे विरंगुळा म्हणूनही उपयोगी पडतात.

हे सारे मनापासून करूनही मूल रमत नसेल, तर सहा महिन्यांनी त्याच्याशी शांतपणे बोलावे. संगीत नको आहे, हे वाद्य नको आहे, की हा वर्ग नको आहे, हे तीन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरेही वेगळी असतात. तबल्यावर न रमणारे मूल बासरीवर रमू शकते. एका वर्गात गप्प असणारी मुलगी दुसऱ्या शिक्षकांकडे खुलू शकते. आणि मुलाने खरोखरच थांबायचे ठरवले, तर ते अपयश मानून त्याला टोचू नये. ज्या घरात थांबणे भांडणाविना झाले, तेथे ते मूल पुढे चांगला श्रोता तरी होते आणि कधीकधी विशीत परत वाद्याकडेही वळते.

गुरूच्या घरी राहून शिकण्याचे दिवस बहुतेकांसाठी परत येणार नाहीत. परंतु त्या घरातील सोबत आणि जागच्या जागी चूक दाखवणारा कान या दोन गोष्टी आजच्या दोन खोल्यांच्या घरातही देता येतात. येत्या आठवड्यात सुरुवात करायची असेल, तर ‘रियाजाला बस’ म्हणण्याऐवजी मुलाची वही उघडून, आजचे एकच काम ठरवून त्याच्याजवळ पंधरा मिनिटे बसावे.